पाचव्या खाटेला का नाही

१

शिंपीबुवा सकाळच्या चहाच्या वेळी गेले आणि मशीनच्या वॉर्डात एकच पेशंट उरला.

वॉर्डाच्या दाराला वीतभर रुंद काच होती. मातीवाला त्या काचेला नाक लावून उभा होता. आत दोन माणसं चौथ्या खाटेवरची गादी गुंडाळत होती. मोठ्या सिस्टर खाटेचे लोखंडी पाय पुसत होत्या, फार जपून, शिंपीबुवा अजून वर झोपलेलेच असावेत तशा. पलीकडच्या पाचव्या खाटेवर त्याची मुलगी होती. तिच्या घशाला भोक पाडून नळी बसवली होती आणि नळीला मशीन जोडलं होतं. मशीनने फुस्स केलं की तिची छाती वर यायची. मान तिच्या ताब्यात नव्हती, पण डोळे आणि तोंड होतं. ते डोळे चौथ्या खाटेवर खिळले होते.

मुलगी बारा वर्षांची. घरात तिला ठिणगी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. मग एक दिवस पायांना मुंग्या आल्या आणि अशक्तपणा वर चढत चढत छातीपर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, बरी होईल, नसा पुन्हा जाग्या होतील, महिने लागतील, तोवर श्वास मशीन घेईल. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. बापाने डॉक्टरांच्या त्या एका वाक्याचा खांब धरून ठेवला होता.

पण या वॉर्डात माणसं आली वेगवेगळ्या दुखण्यांनी आणि मेली एकाच दुखण्याने. आधी पोस्टातले कारकून, मग नुकतं लग्न झालेली एक मुलगी, मग शाळेतल्या बाई, आणि आज शिंपीबुवा. प्रत्येकाला ताप चढला, छाती भरली, कुठलंही औषध लागू पडलं नाही. गावातल्या दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात मातीवाला हात जोडून आला होता. "त्या वॉर्डातला पेशंट? माफ करा," एवढंच तिथे म्हणाले आणि दार लोटलं.

"मातीवाले," मागून डॉक्टरांचा आवाज आला. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "जंतू सापडला. चौघांच्याही छातीत एकच निघाला. बर्खोल्डेरिया."

मातीवाल्याने ते नाव ओळखलं. शेतीच्या प्रयोगशाळेत मातीतले जिवाणू सांभाळण्यात त्याची हयात गेली होती आणि त्याच्या कपाटावर हेच नाव लिहिलेलं होतं.

"हा जंतू मातीत राहतो म्हणे," डॉक्टर त्याच्या बुटांकडे बघत म्हणाले. "आणि इथे मातीतून उठून रोज येणारा माणूस एकच आहे."

२

आरोग्य खात्याने पाठवलेल्या तपासनीसबाई ठेंगण्या होत्या, कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि काहीही लिहून घ्यायच्या नाहीत. त्यांना जिन्याखालची खोली दिली होती. टेबलाच्या एका बाजूला त्या बसल्या, दुसऱ्या बाजूला मातीवाला.

"हा बर्खोल्डेरिया काय प्रकार आहे? मला समजेल असं सांगा. मी काही पेपर लिहिणार नाहीये."

"ते कुळाचं नाव आहे. कुळात जाती पुष्कळ. एक जात कांदा सडवते. एक भाताची लोंबी करपवते. ॲम्बिफारिया म्हणून एक आहे, ती मुळाशी राहून बुरशीला जवळ येऊ देत नाही. मी ती सांभाळतो. आणि एक सेनोसेपेशिया. मातीत असते तोवर गरीब गाय असते. अशक्त माणसाच्या छातीत शिरली की सोडत नाही."

"आणि दिसायला?"

"जुळी भावंडं. बशीत वाढवून नुसती समोर ठेवली तर मलाही ओळखू येणार नाहीत."

"औषधाने मरत का नाहीत?"

"चिवट कूळ आहे, बाई. यातल्या काहींना पेनिसिलिन घातलं तर त्या ते खातात. खरंच खातात, अन्न म्हणून."

"म्हणजे विष पाजावं तर बाळसं धरणार! असा एक जावई आहे आमच्याकडे." बाई हसल्या नाहीत. "सांभाळता म्हणजे काय करता?"

"जुन्या नळीतलं सुईच्या टोकाएवढं उचलायचं आणि नव्या नळीत सोडायचं. ती भरली की पुढच्या नळीत. माझ्याकडची ॲम्बिफारिया माझ्या लग्नाआधीची आहे. बायको गेली, ती आहे."

बाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"माझा अनुभव सांगते. असं काही घडलं की कुठेतरी कुणीतरी नियम मोडलेला असतो. तो माणूस सापडला की बाकीचं आपोआप सापडतं. तुम्ही कुठला नियम मोडलात?"

"एकदा," मातीवाला म्हणाला. "फोन आला, मशीन बंद पडलंय म्हणून. मी शेतात होतो. तसाच धावत आलो. कपडे बदलले नाहीत, हात कसे धुतले आठवत नाही. आत गेलो आणि तिच्या कपाळावर हात ठेवला."

"तेव्हा किती पेशंट आजारी होते?"

"एकही नाही."

"तुमच्या कपाटातली नळी माझ्याकडे द्या," बाई म्हणाल्या. "इथल्या जंतूशी ताडून बघू. दोघांची कुंडली जुळते का ते मोठ्या लॅबमध्ये कळेल. तोवर वॉर्डात पाऊल टाकायचं नाही."

"आणि जुळली तर?"

"तर मला तुम्हाला सांगावं लागेल, की चार माणसं तुमच्या हातून गेली."

३

मातीवाला बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. मधेच उठायचा, नळाखाली हात धुवायचा, नखं कोरायचा, पुन्हा बसायचा. नखांच्या कडेला काळी रेघ दिसायची. तिथली कातडीच तशी झाली होती हे त्याला माहीत होतं, तरी तो घासायचा. बोटांतून रक्त यायला लागलं तेव्हा वॉर्डातल्या मामांनी नळ बंद केला.

"बस करा, साहेब. आमच्या वॉर्डात आधीच सगळे धुऊन धुऊन झिजलेत. डासाला आत यायचं तर तोही आंघोळ करून येतो."

मामा झाडू-पोछा करायचे. सगळ्यांना आधी त्यांचाच संशय आला होता. त्यांचा पोछा, बादली, चपला, सगळं तपासून झालं होतं आणि मामा ते लग्नाच्या वरातीसारखं रंगवून सांगायचे. पण आज सांगताना त्यांचा आवाज बसला होता.

काचेतून आत मोठ्या सिस्टर दिसत होत्या. पन्नाशीच्या, उंच, कडक इस्त्रीच्या. रोज सकाळी आल्या की त्यांचं पहिलं काम ठरलेलं. ट्रॉलीवर काचेची मोठी बरणी होती आणि तिच्यात गुलाबी जंतुनाशक. पेशंटच्या घशात नळी असली की तोंडात घाण साचते आणि ती छातीत उतरते, म्हणून या औषधात गॉजचा बोळा बुडवून प्रत्येकाचं तोंड आतून पुसायचं. कालच्या दिवसात पातळी जेवढी उतरली असेल तेवढं औषध आणि पाणी घालून सिस्टर बरणी गळ्यापर्यंत आणायच्या आणि झाकण लावायच्या. बरणी कधी रिकामी दिसली नाही. या सगळ्या भीतीत मातीवाल्याला ती भरलेली बरणी बघून धीर यायचा.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा तो त्यांच्या वाटेत उभा राहिला.

"सिस्टर, तिला जपा हो."

"जपतेय. पहिली केस झाली तेव्हापासून मी तोंड पुसणं वाढवलंय. दुसरी झाली तेव्हा आणखी वाढवलं. शिंपीबुवांच्या वेळी तर घड्याळाकडे बघितलंच नाही, हात मोकळा झाला की पुसलं. माझ्या वॉर्डात घाण राहणार नाही."

"अजून वाढवा. मी पाया पडतो तुमच्या."

"पाया कसल्या पडता, उठा." सिस्टरांचे डोळे भरले होते. "पण तुमची लेक हट्टी आहे. मला बघितलं की दात घट्ट मिटते. औषध कडू लागतं तिला. तिच्या मावशीपुढे मात्र तोंड उघडते, म्हणून मी बोळा भिजवून मावशींच्या हातात देते. त्या पडदा ओढून पुसतात. तिच्यापुरतं पुसणं त्या येतात तेव्हाच होतं."

भेटीच्या वेळेला मावशी आली. ठिणगीच्या आईची ही थोरली बहीण. जाड बांध्याची, तोंडाने फटकळ. तिने पिशवी पोटाशी धरली होती आणि ती जरा जास्तच जड दिसत होती.

"ताई, पिशवीत काय आहे?" मातीवाल्याने विचारलं.

"तुमच्या कामाचं काही नाही, भावजी," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता आत गेली.

४

पुढच्या दिवसांत तपासनीसबाईंनी वॉर्ड पिंजून काढला. नळ, बेसिन, मशीनच्या नळ्या, उशा, दाराच्या कड्या, डॉक्टरांचे हात, सिस्टरांचे हात. सगळ्याचे नमुने काचेच्या बशांत वाढायला ठेवले. एकाही बशीत काही उगवलं नाही.

"एवढा स्वच्छ वॉर्ड मी उभ्या जन्मात पाहिला नाही," त्या बाकावर मातीवाल्याशेजारी येऊन बसल्या. "चांगलं वाटायला हवं. मला मात्र त्याची भीती वाटायला लागलीय. घाण सापडली असती तर बोट तरी दाखवता आलं असतं."

त्या कशासाठी आल्या असतील हे त्याला कळलं होतं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"मोठ्या लॅबमधून निरोप आला," बाई म्हणाल्या. "तुमच्या नळीतली ॲम्बिफारिया आहे. इथली सेनोसेपेशिया. कूळ एक, जात वेगळी. चौघांच्या मरणाशी तुमच्या बुटांचा काही संबंध नाही."

त्याला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बसलेला असूनही त्याने भिंत तेवढी धरली. मग सुटकेच्या मागोमाग दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि ती आधीपेक्षा वाईट होती. जंतू त्याचा होता तोवर तो बाकावर बसला की जंतूही बाहेर होता.

"म्हणजे बाई, ते अजून आत आहे. तिच्याजवळ."

"हो."

"आणि कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही."

बाई उत्तर देणार तेवढ्यात वॉर्डातून आरडाओरडा ऐकू आला. डॉक्टर ओरडत होते. दार उघडलं आणि मामांनी मावशीला दंडाला धरून बाहेर आणलं. डॉक्टरांच्या हातात एक स्टीलचा थर्मास होता.

"हा सापडला," डॉक्टर म्हणाले. "पडद्याआड. रोज आणत होत्या आणि रोज त्यातलं काहीतरी पोरीच्या तोंडात घालत होत्या."

५

जिन्याखालच्या खोलीत सगळे दाटीने उभे राहिले. मावशी एकटी खुर्चीवर.

"काय आहे यात?" तपासनीसबाईंनी थर्मास हलवला.

"पाणी. दुसरं काय असणार? दारू पाजतेय का मी पोरीला?"

"कशाला आणत होता?"

"त्या गुलाबी औषधाने तिला उमासे येतात. डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. तिला ओरडता येत नाही, हात हलवता येत नाही. तुम्ही सगळे म्हणता हट्टी आहे. हट्टी नाही ती, ती नको म्हणतेय! घशात नळी असलेल्या पोरीला ओकारी आली तर काय होईल, सांगा ना, तुम्ही डॉक्टर आहात." मावशीचा श्वास चढला होता. "मी घरून पाणी उकळून आणायची. स्वच्छ कापडाच्या घड्या उकळून आणायची. सिस्टरने दिलेला बोळा कचऱ्यात टाकायची आणि माझ्या पाण्याने पुसायची. पहिल्या दिवसापासून. आता फाशी द्या."

मोठ्या सिस्टरांनी तोंडावर हात नेला.

"मावशी, जंतुनाशक टाकून देत होता? चार माणसं मेली या वॉर्डात आणि तुम्ही तिला नुसत्या पाण्याने पुसत होता? मी विश्वासाने तुमच्या हातात देत होते. अहो, पोरीला मारायलाच निघाला होता तुम्ही!"

मातीवाल्याचं डोकं भणभणलं. "ताई, मला एका शब्दाने सांगायचं होतंत."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरांना सांगितलं असतं. तुम्हाला कागदावर छापलेलं सगळंच खरं वाटतं, भावजी."

"बस," डॉक्टर म्हणाले. "उद्यापासून यांना वॉर्डात प्रवेश नाही. सिस्टर, आत जा. पोरीचं तोंड आत्ताच्या आत्ता नीट पुसून घ्या. इतक्या दिवसांचं राहिलंय."

"दात उघडायची पट्टी वापरते," सिस्टर म्हणाल्या. "रडली तरी चालेल." आणि त्या झपझप निघून गेल्या. डॉक्टरही गेले. मावशी पदर तोंडाशी धरून बाहेर गेली.

तपासनीसबाई टेबलापाशी तशाच उभ्या राहिल्या. थर्मास त्यांच्या हातात होता.

"सापडला तुमचा नियम मोडणारा," मातीवाला म्हणाला. त्याला मावशीचा राग आला होता आणि रागाने थोडं बरं वाटत होतं.

"सापडला खरा." बाई थर्मासकडेच बघत होत्या. "पण बाकीचं आपोआप सापडायला हवं होतं, ते काही सापडत नाहीये. जंतू इथून पसरला म्हणावं, तर या थर्मासमधलं पाणी त्या चौघांच्या तोंडाला कधी लागलंच नाही. ते लागलं फक्त तुमच्या मुलीला." त्या खाली बसल्या. "साहेब, इथे आल्यापासून मी एकच प्रश्न विचारतेय, चार खाटांना काय झालं. पाचव्या खाटेला का नाही झालं, हे मी एकदाही विचारलं नाही."

"म्हणजे?"

"वॉर्ड तोच, हवा तीच, मशीन तसंच, सिस्टरही त्याच. नियम चार खाटांवर तंतोतंत पाळला गेला आणि त्या चार रिकाम्या झाल्या. एका खाटेवर रोज मोडला गेला, आणि ती पोर जिवंत आहे. मी गोष्ट उलटी धरली होती. इतरांना काय मिळालं जे तिला मिळालं नाही?"

"जंतुनाशक," मातीवाला म्हणाला. "पण जंतुनाशकात जंतू कसा राहील? ते तर…"

तो थांबला. विष पाजावं तर बाळसं धरणार. त्याला बरणी दिसली, रोज सकाळी गळ्यापर्यंत आणलेली आणि कधीच रिकामी न झालेली. जुन्यात नवं. मग त्या जुन्यात पुन्हा नवं. तो स्वतः आयुष्यभर दुसरं काय करत आला होता?

"तुम्ही बरणीचा नमुना घेतला होता?" त्याने विचारलं.

"औषधाचा कशाला घेऊ? साबणाला कुणी…" बाईंचा चेहरा पांढरा पडला. "सिस्टर आता आत गेल्यात."

तो धावत सुटला.

६

काचेतून त्याला दिसलं ते असं. मोठ्या सिस्टर पाचव्या खाटेवर वाकल्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी ठिणगीच्या दातांत पट्टी घातली होती. उजव्या हातात गुलाबी बोळा होता, नीट निथळूनही न घेतलेला. ठिणगीचे डोळे छताला लागले होते.

त्याने दार ढकललं, बुटांसकट आत गेला आणि सिस्टरांचं मनगट पकडलं.

"सोडा! काय करताय? तुम्हाला आत यायची बंदी आहे!"

"लागलं का? तिच्या तोंडाला लागलं का?"

"लावू देताय कुठे!"

त्याने बोळा हिसकावून ट्रेमध्ये टाकला. ठिणगीच्या ओठावर थेंब दिसतो का ते त्याने पाहिलं. नव्हता. दोनदा पाहिलं. नव्हता. डॉक्टर मागून धावत आले, त्यांच्या मागे धापा टाकत तपासनीसबाई.

"बाजूला व्हा सगळे," बाई म्हणाल्या. "सिस्टर, त्या बरणीला हात लावू नका. एक सांगा. ही शेवटची रिकामी कधी केली होती?"

सिस्टर ताठ झाल्या. "माझ्या वॉर्डात बरणी रिकामी होत नाही. मी शिकाऊ होते तेव्हा आमच्या मेट्रनना कुणाची बरणी रिकामी दिसली तर त्या तिला सगळ्यांसमोर बरणी डोक्यावर घ्यायला लावून उभं करायच्या. रात्रीअपरात्री पेशंट आला आणि औषध नसलं तर? तेव्हापासून मी रोज भरते. एक दिवस चुकवलेला नाही."

"भरता म्हणजे जुनं फेकून नवं करता?"

"जुनं का फेकायचं? चांगलं औषध असतं ते. उतरलं तेवढं वर घालायचं."

बाईंनी मातीवाल्याकडे पाहिलं. पुढचं त्याला बोलावं लागणार होतं आणि त्याला ते नको होतं. समोरच्या सिस्टर गुन्हेगार असत्या तर सोपं झालं असतं.

"सिस्टर," तो हळू म्हणाला, "घरी दही लावता?"

"लावते. त्याचं काय?"

"कसं लावता?"

"कसं म्हणजे? कालच्या दह्यातलं चमचाभर ठेवायचं, कोमट दुधात…"

"तेच. विरजण. माझ्या लॅबमध्ये मीही तेच करतो. जुन्यातलं थोडं नव्यात सोडतो, म्हणून माझे जिवाणू वर्षानुवर्षं मरत नाहीत. कधीतरी या बरणीत पाण्याबरोबर एखाददुसरा जंतू गेला असेल. ताज्या कडक औषधात तो मेला असता. पण औषध उरलंसुरलं, पातळ, शिळं. त्यात तो वाढला; हजारो मेले आणि चारदोन चिवट निघाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या चारदोघांवर नवं औषध ओतलं. त्यातून जे वाचले ते आणखी चिवट. रोज असं. औषधाला सरावलेलं बियाणंच तयार झालं बरणीत."

"नळ तपासले, बेसिन तपासली," तपासनीसबाई म्हणाल्या. "ही राहिली, कारण हिच्याकडे आम्ही शस्त्र म्हणून बघत होतो. पहिला पेशंट गेला, तुम्ही घाबरलात आणि जास्त पुसलं. दुसरा गेला, आणखी जास्त. तुमचा हात ढिला असता, तुमचं मन कामात नसतं, तर कदाचित एखादा वाचलाही असता."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "असं होत नाही. मी एकही दिवस…"

त्यांनी बरणीकडे पाहिलं. मग पहिल्या खाटेकडे, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथीपाशी त्यांचे पाय गेले आणि त्या गादी नसलेल्या लोखंडी पट्ट्यांवर बसल्या.

"शिंपीबुवांनी मला कागदावर लिहून दाखवलं होतं, पोरी, तुझा हात हलका आहे," त्या म्हणाल्या. "त्यांचं मी दिवसभर पुसत होते."

मशीन फुस्स करत राहिलं.

७

बरणीतला थेंब बशीत वाढायला ठेवला, तर बशी काठोकाठ भरली. तीच सेनोसेपेशिया. बरणी, ट्रॉली, ट्रे, सगळं गेलं. ठिणगीच्या घशातला नमुना पाठवला आणि तो परत येईपर्यंत मातीवाल्याला अन्न गिळता आलं नाही. तिची बशी कोरी आली. लगेच दुसरा पाठवला. तोही कोरा. मावशी पुन्हा रोज आत जाऊ लागली आणि पिशवी आता उघडी धरून जाऊ लागली.

मोठ्या सिस्टरांना चौकशी संपेपर्यंत पेशंटला हात लावायची मनाई झाली. तरी त्या रोज यायच्या, साध्या साडीत, आणि बाहेरच्या बाकावर बसायच्या. मातीवाला दुसऱ्या टोकाला बसायचा. बशी कोरी आली म्हणून त्याची भीती गेली नव्हती. मशीनचा आवाज जरा बदलला तरी तो उभा राहायचा.

एका दुपारी आवाज बदलला तो बदललाच. आत घंटी वाजायला लागली आणि मातीवाला धावत आत गेला. ठिणगीच्या नळीत कफ अडकला होता. बदलीवर आलेली सिस्टर नवखी होती; तिने बारीक नळी आत घालून कफ ओढायचा प्रयत्न केला, पण नळी पुढे सरकेना. डॉक्टरांनी केला. ठिणगीचे ओठ निळसर दिसायला लागले. मावशी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती.

मातीवाला बाहेर आला. बाकावर सिस्टर उठून उभ्या राहिल्या होत्या. घंटी त्यांनाही ऐकू आली होती आणि तिचा अर्थ त्यांना इतर कुणाहीपेक्षा नीट कळत होता. पण पाय जागचे हलत नव्हते.

"चला," तो म्हणाला.

"हे हात?" त्यांनी हात पुढे केले. "हे हात घेऊन येऊ?"

"साध्या साबणाने धुवा आणि चला."

तपासनीसबाई जिन्यावरून खाली येत होत्या. त्यांनी दोघांना पाहिलं, घंटी ऐकली. मनाईचा हुकूम त्यांचाच होता. "मी अजून वरच आहे," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून पुन्हा जिना चढायला लागल्या.

सिस्टर आत गेल्या. डॉक्टर बाजूला झाले. सिस्टरांनी ठिणगीचं डोकं एका हाताने किंचित वळवलं, नळीत थोडं सलाईन सोडलं, बारीक नळी बोटांत फिरवून आत सरकवली. मातीवाला त्या बोटांवरून नजर हलवू शकला नाही. ही बोटं चार तोंडांत गेली होती. ओरडावं, थांबवावं, असं त्याच्या छातीत दाटून येत होतं आणि तो दात आवळून उभा होता. मग खरखर झाली, काहीतरी सुटलं, आणि ठिणगीची छाती भरून वर आली. पुन्हा आली. ओठांचा निळसरपणा हळूहळू उतरला.

सिस्टरांनी नळी ठेवली आणि मागे न बघता दाराकडे निघाल्या.

ठिणगीचे ओठ हलले. घशात नळी असल्यामुळे आवाज येत नव्हता, पण इतक्या महिन्यांत बापाला तिचे ओठ वाचता यायला लागले होते. त्याने वाचलं. सिस्टर दारापर्यंत पोचल्या होत्या, आणि सांगावं की गप्प राहावं हे त्याला क्षणभर ठरवता येईना. गप्प राहिला असता तर कुणालाही कळलं नसतं.

"सिस्टर," तो म्हणाला, "ती म्हणतेय, जाऊ नका."